ॲल्युमिनियम सर्कलचं वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोप, कढई, कुकर, दिव्याची शेड, झाकण: यांतल्या बहुतेक वस्तूंची सुरुवात एका गोल, सपाट चकतीने होते. बाजारात तिला सर्कल म्हणतात, प्रेसवर काम करणारे ब्लँक म्हणतात. माल किलोने विकत घ्यायचा आणि तयार वस्तू नगाने विकायची, असा हा धंदा आहे. त्यामुळे एका सर्कलचं वजन नेमकं किती, हा प्रश्न रोज पडतो. सूत्र शाळेतल्या भूमितीचं आहे. घोळ होतो तो जवळजवळ नेहमी जाडीत, म्हणून खालच्या उत्तरांत जाडीचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला आहे.

सर्कलचं वजन काढायचं सगळ्यात सोपं सूत्र कोणतं?

व्यास आणि जाडी दोन्ही मिलिमीटरमध्ये घ्या.

वजन (ग्रॅम) = व्यास × व्यास × जाडी × ०.००२१३

उदाहरणार्थ, ३०० मिमी व्यासाचं, २ मिमी जाडीचं सर्कल. ३०० × ३०० = ९०,०००. त्याला २ ने गुणलं की १,८०,०००. त्याला ०.००२१३ ने गुणलं की सुमारे ३८३ ग्रॅम. म्हणजे किलोत अडीच नगांपेक्षा थोडे जास्त. हजार नगांची ऑर्डर असेल तर ३८३ किलो सर्कल लागणार.

हा ०.००२१३ आकडा आला कुठून?

वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४. त्याला जाडीने गुणलं की घनफळ मिळतं, आणि ॲल्युमिनियमची घनता २.७१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली की वजन. ०.७८५४ गुणिले २.७१ म्हणजे २.१२८. घन मिलिमीटरचे घन सेंटिमीटर करण्यासाठी हजाराने भागायचं, की झालं. जिथे मोठा आकडा गुणायचा आहे तिथे ०.००२१२८४ वापरा, खिशातल्या हिशेबाला ०.००२१३ पुरतो.

आमच्याकडे व्यास इंचात आणि जाडी गेजमध्ये सांगतात. मग?

व्यास इंचात आणि जाडी मिमीमध्ये असेल, तर हे सूत्र तोंडपाठ करा:

वजन (ग्रॅम) = इंच × इंच × जाडी (मिमी) × १.३७३

दहा इंची सर्कल म्हणजे १०० × १.३७३, अर्थात जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे १३७ ग्रॅम. बारा इंचीला हाच आकडा १९८ ग्रॅम होतो. दुकानात उभ्या उभ्या हिशेब करायला याहून सोपं काही नाही.

आता गेज. आपल्याकडे गेज म्हटलं की बहुधा ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज समजतात. हे माप ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायदेशीर झालं. भारतात ॲल्युमिनियमची भांडी करण्याचा उद्योग आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये सुरू केला, तेव्हा इथे मापं ब्रिटिशच होती. १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक झाला. भांडी बाजारातला गेज मात्र हटला नाही. नेहमी लागणारी मापं अशी आहेत, आणि सोबत दहा इंची सर्कलचं वजन:

१० गेज: ३.२५ मिमी, ४४६ ग्रॅम
१२ गेज: २.६४ मिमी, ३६३ ग्रॅम
१४ गेज: २.०३ मिमी, २७९ ग्रॅम
१६ गेज: १.६३ मिमी, २२४ ग्रॅम
१८ गेज: १.२२ मिमी, १६८ ग्रॅम
२० गेज: ०.९१ मिमी, १२५ ग्रॅम
२२ गेज: ०.७१ मिमी, ९७ ग्रॅम

नंबर वाढला की पत्रा पातळ होतो, हे नव्या माणसाला आधी सांगून ठेवावं. जुने कारागीर जाडी सुतातही सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. म्हणजे जवळजवळ १० गेजच.

खरा धोका दुसराच आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला अमेरिकेत ब्राऊन अँड शार्प गेज लावतात. त्यात १४ नंबर म्हणजे १.६३ मिमी, आपल्या १६ गेजइतका. परदेशी ड्रॉइंगवर नुसतं '१४ गेज' लिहिलेलं असेल आणि तुम्ही २.०३ धरून भाव दिलात, तर प्रत्येक नगात एकपंचमांश वजन चुकलं. शिवाय इथल्या बाजारातही '१६ गेज' म्हणून दीड मिमीचा माल सर्रास दिला जातो, तोही ८ टक्के हलका असतो. म्हणून ऑर्डर देताना गेज बोला हवं तर, पण कागदावर मिलिमीटर लिहा.

प्रत्येक ग्रेडची घनता वेगळी असते का?

असते, पण फरक किरकोळ आहे. शुद्ध ॲल्युमिनियमच्या जवळपासचे १०५० आणि १०६० हे ग्रेड २.७० ते २.७१ च्या दरम्यान बसतात. ११०० ग्रेड २.७१. मँगनीज असलेला ३००३, जो भांड्यांत भरपूर वापरतात, २.७३. मॅग्नेशियम असलेला ५०५२ हलका, २.६८. म्हणजे ३००३ आणि ५०५२ मध्ये दोन टक्क्यांच्या आतच फरक राहतो. हिंडालियम हे मूळचं हिंडाल्को कंपनीचं व्यापारी नाव. आज बाजारात ते कुठल्याही जाड मिश्रधातूच्या भांड्याला लावतात, त्यामुळे त्या नावावरून घनता ठरवू नका, ग्रेड विचारा.

भंगार वितळवून पत्रा काढणाऱ्या छोट्या रोलिंग मिलचा माल असेल तर त्यात तांबं, जस्त, सिलिकॉन थोडंफार असतं. तांब्या-जस्ताने घनता वाढते, सिलिकॉनने किंचित उतरते. तरी वजनाच्या हिशेबात हा फरक क्वचितच जाणवतो. असा माल प्रेसवर फाटतो का, ही काळजी जास्त मोठी.

नरम सर्कल आणि कडक सर्कल यांच्या वजनात फरक पडतो का?

नाही. ओ टेम्पर (नरम) असो वा एच-१४ (अर्धकडक), व्यास आणि जाडी तीच असेल तर वजन तेच. टेम्परने फक्त धातू किती वळेल आणि किती ओढला जाईल हे बदलतं.

हिशेब बरोबर केला, तरी काट्यावरचं वजन जुळत नाही. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि दहांपैकी नऊ वेळा कारण जाडीत सापडतं.

आधी हे बघा की कोणत्या मापाची चूक किती महागात पडते. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून व्यासातली चूक वजनात दुप्पट दिसते. ऐकायला भीतीदायक वाटतं. पण ३०० मिमीच्या सर्कलमध्ये १ मिमीची चूक म्हणजे ०.३३ टक्के, दुप्पट करून ०.६७ टक्के. आता १.२ मिमीच्या पत्र्यात जाडी फक्त ०.०५ मिमीने चुकली तर? वजन ४ टक्क्यांहून जास्त हललं. व्यास डायने, म्हणजे कापायच्या साच्याने, ठरलेला असतो, रोज तोच येतो. जाडी मिलच्या रोलवर ठरते आणि ती प्रत्येक लॉटला बदलते. एका लॉटच्या आतही बदलते. रोलिंग करताना रोल दाबाखाली किंचित वाकतात, त्यामुळे पट्टीचा मधला भाग कडेपेक्षा थोडा जाड राहतो. मधून कापलेलं सर्कल कडेच्या सर्कलपेक्षा थोडं भारी येतं, ते यामुळे.

दुसरी गोष्ट, मोजायचं कसं. व्हर्नियरने जाडी मोजू नका. सर्कलच्या कडेला कापताना बर, म्हणजे उठलेली खरखरीत धार, आलेली असते आणि व्हर्नियरचे जबडे नेमके तिच्यावरच बसतात, मग १.५० चं १.५८ दिसतं. मायक्रोमीटर घ्या, कडेपासून आत जा, आणि निदान चार ठिकाणी मोजून सरासरी काढा. मोठ्या सर्कलच्या मध्यापर्यंत साधा मायक्रोमीटर पोचत नाही. त्यासाठी खोल गळ्याचा मिळतो. नसेल तर पुढच्या उत्तरातली वजनाची युक्ती करा, ती मायक्रोमीटरपेक्षाही चांगला आकडा देते.

राहिली बाकीची कारणं: सर्कलवर रोलिंगचं किंवा कटिंगचं तेल, थरांमधला कागद, पेटीचं न वजावलेलं वजन, आणि काटा. मोठ्या काट्यावर एकच सर्कल ठेवून ग्रॅम वाचणं व्यर्थ आहे. ज्या काट्याचा एक टप्पा १० ग्रॅमचा आहे, त्याच्यावर निदान २०० ग्रॅम तरी ठेवावे लागतात, आणि खात्रीसाठी त्याच्या कितीतरी पट. वीस सर्कल एकत्र ठेवा आणि भागा.

वजनावरून जाडी काढता येते का?

येते, आणि माल उतरवून घेताना हीच पद्धत वापरावी.

जाडी (मिमी) = एका नगाचं वजन (ग्रॅम) ÷ (व्यास × व्यास × ०.००२१२८४)

समजा २ मिमी म्हणून आलेले ३०० मिमीचे दहा नग काट्यावर ३ किलो ६९० ग्रॅम भरले. एक नग ३६९ ग्रॅम. ९०,००० × ०.००२१२८४ = १९१.६. ३६९ ला १९१.६ ने भागलं की १.९३ मिमी. म्हणजे माल जवळजवळ ४ टक्के पातळ आहे. मायक्रोमीटर चार बिंदूंची जाडी सांगतो, काटा पूर्ण सर्कलची सरासरी सांगतो.

मग सर्कल किलोने घ्यावं की नगाने?

आमचं मत स्पष्ट आहे: भाव किलोने ठरवा, पण ऑर्डरमध्ये नगाचं कमाल आणि किमान वजन लिहा.

कारण असं. नगाने घेतलं आणि माल पातळ आला तर सरळ तुमचा तोटा. किलोने घेतलं आणि पातळ आला तर पैसे वाया जात नाहीत, पण भांडं हलकं होतं आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. किलोने घेतलं आणि माल जाड आला तर? इथे लोक फसतात, कारण जाड माल मिळाला म्हणून खूश होतात. २ मिमीऐवजी २.०८ आलं, तर ३०० मिमीच्या नगाचं वजन ३८३ वरून ३९८ ग्रॅमवर गेलं. हजार नगांमागे १५.३ किलो जास्त धातू. किलोचा दर ३०० रुपये धरला तर साडेचार हजार रुपयांच्या वर पैसे गेले, आणि भांडं नगाने विकत असाल तर ते कुठूनही वसूल होत नाहीत. भांडंही किलोने विकत असाल तर मात्र हा मुद्दा बराचसा गळून पडतो. भांडी बाजारातले जुने लोक अजून वजनावरच का विकतात, याचं हे एक साधं कारण.

तयार भांड्याच्या मापावरून सर्कलचा व्यास कसा काढायचा?

सरळ उभ्या भिंतीचा टोप घ्या. ओढताना, म्हणजे प्रेसवर सर्कल डायमध्ये दाबून भांडं काढताना, पत्र्याची जाडी साधारण तीच राहते असं धरायचं, म्हणजे सर्कलचं क्षेत्रफळ आणि भांड्याचं क्षेत्रफळ सारखं. त्यावरून:

सर्कल व्यासाचा वर्ग = (भांड्याचा व्यास)² + ४ × भांड्याचा व्यास × उंची

उजव्या बाजूचं वर्गमूळ काढलं की सर्कलचा व्यास मिळतो.

टोप २०० मिमी व्यासाचा, १२० मिमी उंच. कड कापून सरळ करायला उंचीत ८ मिमी जास्त धरू, म्हणजे १२८. २०० चा वर्ग ४०,०००. ४ × २०० × १२८ = १,०२,४००. बेरीज १,४२,४००. वर्गमूळ ३७७ मिमी.

इथे एक सोय आहे जी फारसं कुणी सांगत नाही: फक्त वजन हवं असेल तर वर्गमूळ काढायची गरजच नाही. वजनाच्या सूत्रात परत वर्गच लागतो. १,४२,४०० ला जाडी १.५ ने आणि ०.००२१२८४ ने गुणा, ४५५ ग्रॅम. ट्रिमिंग सोडून हिशेब केला तर बेरीज १,३६,००० येते आणि वजन ४३४ ग्रॅम. मधले सुमारे २० ग्रॅम म्हणजे कापून जाणारी कड.

काही खुबी लक्षात ठेवा. व्यास आतलाही घ्यायचा नाही आणि बाहेरचाही नाही, पत्र्याच्या जाडीच्या मधला घ्यायचा. बाहेरून २०० असेल आणि पत्रा १.५ असेल तर १९८.५. तळाचा कोपरा मोठ्या गोलाईचा असेल तर वरचं सूत्र सर्कल थोडं मोठं देतं. व्यास कोपऱ्याच्या त्रिज्येच्या २० पट किंवा जास्त असेल तर दुर्लक्ष करा. १५ ते २० पट असेल तर आलेल्या सर्कल व्यासातून त्रिज्येचा अर्धा वजा करा. १० ते १५ पट असेल तर पूर्ण त्रिज्या वजा करा. काठात तार भरून वळवायचा असेल तर तेवढा पत्रा उंचीत वाढवा: तारेचा व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४. ४ मिमी तार आणि १.५ मिमी पत्रा असेल तर १७ मिमी. ही किनार धरायला विसरलं की टोप दीड सेंटिमीटर बुटका निघतो.

आणि एक नजर गुणोत्तरावर. ३७७ ला २०० ने भागलं की १.८९. नरम ॲल्युमिनियम पहिल्या ओढीत साधारण १.८ ते २ पर्यंत झेपतं, म्हणजे हा टोप एका ओढीत काढणं काठावरचं काम आहे. दोन ओढी करा, किंवा डायची गोलाई, वंगण आणि ब्लँक होल्डरचा (सर्कलची कड दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब नीट जमवून मगच एकीत प्रयत्न करा.

कढई, पेला, परात यांचं काय?

कढई म्हणजे गोलाचा तुकडा. तोंडाचा व्यास आणि खोली मोजा:
वर्ग = (तोंडाचा व्यास)² + ४ × (खोली)²
३०० मिमी तोंड आणि ९० मिमी खोली असेल तर ९०,००० + ३२,४०० = १,२२,४००, म्हणजे सर्कल ३५० मिमीचं. ३ मिमी जाडीत वजन ७८२ ग्रॅम. अगदी अर्धगोल असेल तर सर्कलचा व्यास तोंडाच्या १.४१४ पट.

तिरक्या भिंतीचा पेला:
वर्ग = (तळाचा व्यास)² + २ × तिरकी उंची × (तळाचा व्यास + तोंडाचा व्यास)
उंची तिरकी, म्हणजे भिंतीवर टेप लावून मोजलेली. उभी उंची घातली की सर्कल लहान पडतं.

बाहेर पसरलेल्या सपाट काठाची परात:
वर्ग = (काठाचा बाहेरचा व्यास)² + ४ × भिंतीचा व्यास × उंची

सपाट तव्याला सूत्र कशाला हवं, तवा म्हणजेच सर्कल. २८० मिमी, ४ मिमी, ६६७ ग्रॅम.

स्पिनिंगवर काम करतो. हीच सूत्रं चालतील?

हाताने किंवा लेथवर साधं स्पिनिंग, म्हणजे फिरत्या साच्यावर सर्कल दाबत भांडं काढणं, असेल तर चालतील. पण कारागिराचा हात जड असेल तर भिंत पातळ होते आणि तेच भांडं लहान सर्कलमधून निघतं. म्हणून सूत्राने आलेल्या मापाचे चार-पाच नग आधी काढून बघा आणि मग माप दोन-चार मिमीने कमी-जास्त करा.

पत्रा मुद्दाम पातळ करत शंकूवर बसवणारं शिअर स्पिनिंग वेगळं. त्यात सर्कलचा व्यास तयार शंकूच्या तोंडाइतकाच राहतो आणि जाडी कोनावर ठरते: नवी जाडी म्हणजे मूळ जाडी गुणिले शंकूच्या अर्ध्या कोनाचा साइन. अर्धा कोन ३० अंश असेल तर २ मिमीचा १ मिमी. क्षेत्रफळाचा हिशेब इथे लावू नका, घनफळाचा लावा. कोणत्याही पद्धतीत एक गोष्ट मात्र बदलत नाही. सर्कलचं वजन म्हणजे तयार नगाचं वजन अधिक कापलेल्या कडेचं वजन.

ट्रिमिंगला किती सोडावं?

रोल केलेल्या पत्र्याचे दाणे एका दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे ओढल्यावर भांड्याच्या काठाला चार ठिकाणी कान उभे राहतात. कान जितके उंच तितकं जास्त कापावं लागतं, आणि ते मालावर अवलंबून आहे. पुस्तकी अंदाज भांड्याच्या व्यासाच्या दर २५ मिमीला ३ मिमी असा मिळतो. लहान कपाला तो ठीक आहे, मोठ्या टोपाला मात्र उगाच धातू वाया घालवतो. त्यापेक्षा नव्या लॉटचे पाच नग ओढा, सगळ्यात खोल दरी काठापासून किती आहे ते मोजा, आणि त्यावर दोन मिमी ठेवा. कान दर लॉटला वाढत असतील तर मिलशी बोला. ते तुमच्या डायचं काम नाही.

पत्रा आणून आपणच सर्कल कापले तर किती भंगार निघेल?

नुसत्या भूमितीने बघितलं तर चौकोनात एक वर्तुळ बसवल्यावर २१.५ टक्के वाया जातं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकाआड एक रांग सरकवली तर ९.३ टक्के. हे आकडे ऐकून लोक रांगा सरकवायला जातात आणि चार बाय आठच्या पत्र्यावर काहीच फायदा होत नाही म्हणून चक्रावतात.

प्रत्यक्ष करून बघू. पत्रा १२२० × २४४० मिमी, जाडी २ मिमी, सर्कल ३०० मिमी, मध्ये ३ मिमी अंतर. सरळ रांगांत रुंदीत चार, लांबीत आठ, एकूण ३२. सरकवलेल्या रांगांत लांबीत नऊ रांगा बसतात, पण एकाआड एक रांगेत चारऐवजी तीनच. पाच रांगा चारच्या, चार रांगा तीनच्या. पुन्हा ३२. लांबीच्या दिशेने रांगा लावून बघितल्या तर ३० वरच अडकतो. पत्र्याचं वजन १६.१३ किलो, सर्कल १२.२६ किलो, जाळी (सर्कल कापून उरलेला पत्रा) ३.८७ किलो. भंगार २४ टक्के.

कॉइल, म्हणजे पत्र्याची लांब गुंडाळी, घेतली की चित्र बदलतं. एका रांगेच्या पट्टीत सुमारे ७६ टक्के माल सर्कलमध्ये जातो. तीन रांगा सरकवून ८३१ मिमी रुंदीच्या कॉइलवर घेतल्या तर ८४ टक्के. म्हणून मोठे सर्कल बनवणारे कॉइलवर कापतात आणि त्यांची जाळी थेट त्यांच्याच भट्टीत जाते. तुमची जाळी भंगारवाल्याकडे जाते, भंगाराच्या भावात. किलोला पत्र्याचा भाव आणि जाळीचा भाव यांतली तफावत ३.८७ ने गुणा, ३२ ने भागा, त्यात कापण्याची मजुरी मिळवा. हा झाला नगामागचा आकडा. एका नगाच्या वजनाला तयार सर्कल आणि पत्रा यांच्या भावात जो फरक पडतो, त्यापेक्षा तो मोठा निघत असेल तर तयार सर्कलच घ्या. बहुतेक छोट्या कारखान्यांना तेच परवडतं. अपवाद आहे तो चित्रविचित्र मापं थोड्या संख्येने लागणाऱ्यांचा.

मध्ये भोक असेल तर?

भोकाच्या व्यासाचा वर्ग वजा करा. (बाहेरचा वर्ग − भोकाचा वर्ग) × जाडी × ०.००२१३. शेडच्या सर्कलला बहुधा हे लागतं. भोक आपल्याकडेच पाडत असाल तर विकत घेताना पूर्ण सर्कलचंच वजन धरा.

नॉनस्टिक किंवा ॲनोडायझिंगमुळे वजन किती बदलतं?

धातूच्या हिशेबात धरण्याइतकं नाही. हे थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत असतात. कोटेड सर्कलची जाडी मोजताना मात्र मायक्रोमीटर कोटिंगसकट जाडी दाखवतो, हे विसरू नका.

उन्हाळ्यात वजन वेगळं येतं का?

नाही. ४० अंशांनी तापलं तर ३०० मिमीचं सर्कल सुमारे ०.२८ मिमीने फुगतं. धातू तेवढाच राहतो.

याच मापाचं स्टील, पितळ किंवा तांब्याचं सर्कल किती भरेल?

ॲल्युमिनियमच्या वजनाला गुणा: ३०४ स्टेनलेस स्टीलला २.९३, साध्या लोखंडी पत्र्याला २.९०, पितळेला सुमारे ३.१४, तांब्याला ३.३१.

ट्यूबच्या स्लगलाही हेच सूत्र का?

मलमाच्या ट्यूब किंवा स्प्रेचे डबे ज्या जाड, लहान चकत्यांपासून एका ठोक्यात बनतात, त्या स्लग. धातू जवळजवळ शुद्ध, बहुधा १०७० किंवा १०५०, म्हणून घनता २.७० धरा. २५ मिमी व्यास आणि ५ मिमी जाडी असेल तर ६.६ ग्रॅम. सूत्र तेच, पण काटेकोरपणा वेगळा. ठोक्यात तळाची जाडी पंच आणि डाय यांतल्या अंतरावर ठरते. स्लग जाड असेल तर जास्तीचा धातू नळीच्या लांबीत जातो आणि शेवटी कापला जातो. पातळ असेल तर नळी आखूड आणि नग बाद. म्हणून इथे वजनावरची नजर भांड्यांपेक्षा कडक हवी. काही स्लग घुमटाकार असतात, काहींना भोक असतं. तिथे सूत्रापेक्षा शंभर स्लगचं वजन विश्वासाचं.

संगणकावर तक्ता करायचा आहे. काय लिहू?

पहिल्या रकान्यात व्यास, दुसऱ्यात जाडी, तिसऱ्यात घनता. चौथ्यात व्यास गुणिले व्यास गुणिले जाडी गुणिले घनता गुणिले ०.०००७८५४. उत्तर ग्रॅममध्ये. उत्तर नेमकं चौपट किंवा पाव येत असेल तर कुठेतरी त्रिज्या आणि व्यास यांची अदलाबदल झाली आहे. पाचवा रकाना काट्यावरच्या वजनासाठी ठेवा, दर लॉटला भरा. तीन-चार महिन्यांत कोणता पुरवठादार जाड देतो आणि कोण पातळ, ते त्या रकान्यातच दिसतं.

बिलावर काय असावं?

सर्कल एचएसएन (करासाठीचा मालाचा वर्ग-क्रमांक) ७६०६ मध्ये येतात, तयार भांडी ७६१५ मध्ये, भंगार ७६०२ मध्ये. कराचे दर बदलत असतात, ते सल्लागाराकडून घ्या. बिलावर नग, निव्वळ वजन, व्यास, जाडी आणि ग्रेड ही पाचही असावीत. नुसतं 'ॲल्युमिनियम सर्कल ५०० किलो' लिहिलेल्या बिलावर तक्रार करता येत नाही. आणि आपल्या काट्यावर वैधमापन विभागाची चालू मुदतीची मोहोर ठेवा, नाहीतर पुरवठादार पहिलं बोट काट्याकडेच दाखवेल.

सर्कल जॉबवर्कला देतो. परत आलेल्या मालाचा ताळमेळ कसा घालावा?

ॲल्युमिनियम ओढताना जळत नाही, उडून जात नाही. गेलेलं वजन परत यायला हवं. वरच्या टोपाचंच घ्या: हजार सर्कल म्हणजे ४५५ किलो गेले. ४३४ किलोचे टोप आणि २० ते २१ किलो कड, एवढं परत अपेक्षित आहे. टोप ४३० किलो आणि कड १६ किलो आली, तर ९ किलो कुठे गेले हे विचारायला हवं. स्पिनिंगमध्ये कड बारीक छिलक्यांत निघते आणि थोडी खरंच सांडते, त्यासाठी ठरावीक सूट आधीच बोलून घ्या. फाटलेले नग मोजून आणि वजन करून परत मागा. चलनावर नग आणि किलो दोन्ही लिहा. जीएसटीच्या नियमाने असा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, तेव्हाही हेच आकडे लागतात. आणि गाडी सुटण्याआधी त्याच लॉटचे वीस सर्कल कारागिरासमोर काट्यावर ठेवून, सरासरी चलनाच्या कोपऱ्यात लिहून दोघांनी सही करा. सूत्राचे ४५५ आणि त्या लॉटचे खरे ४४६ असतील, तर ९ किलो कारागिराकडे गेलेच नव्हते.